बुधवारचे बेल्ट

कल्याण पूर्व
१२ जानेवारी २०२५

प्रिय उत्तममामा,

सप्रेम जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून परत कागद हातात घेतला. आई म्हणते, बांधकामावरच्या पाइलिंगच्या मशीनने माझ्या भावाचे कान खाल्ले, हट्ट तेवढा शाबूत ठेवला.

बातमी चांगली आहे. आधीच नाक मुरडू नकोस. आमच्या खात्याने ‘सुरक्षा सोबती’ नावाची योजना काढलीय. आत्तापर्यंत आम्ही निरीक्षक म्हणजे धाड घालणारे आणि बांधकामाचे कंत्राटदार म्हणजे लपवणारे. आता दोघांनी मिळून तपासणी करायची. जो कंत्राटदार योजनेत येईल त्याच्याकडे अचानक जायचं नाही, वार ठरवून जायचं. काही चुकलेलं दिसलं तर लगेच नोटीस नाही, एकत्र बसून दुरुस्त करायचं. बदल्यात त्याने सुरक्षा सुपरवायझर नेमायचा आणि उंचीवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला बेल्ट द्यायचा. माझ्याकडे कमलेश शेठच्या दोन साइट आल्यात. वेळापत्रक मीच बनवलंय. विठ्ठलवाडी मंगळवारी, मानपाडा गुरुवारी.

काल उद्घाटन झालं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसलेले. सगळ्यांनी उभं राहून सुरक्षेची शपथ घेतली, कमलेश शेठ सगळ्यांत मोठ्याने म्हणत होता.

आणि खरी बातमी ही की त्याने सुपरवायझर म्हणून आपल्या संदेशला घेतलं. नाव मीच सुचवलेलं. त्याने सेफ्टीचा कोर्स करून दोन वर्षं झाली, नुसता मोबाइलच्या दुकानात बसायचा. तुझा पोरगा आता माणसं पडू नयेत म्हणून काम करणार, मामा. एकदा तरी छान म्हण.

तुझी,
दर्शना

*

कोपरी, ठाणे पूर्व
१८ जानेवारी २०२५

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद.

नाक मुरडू नको म्हणालीस, माझं आख्खं तोंडच वाकडं झालं.

सोबती म्हणे. अगं, आमच्या वेळचा साहेब गाडीतून खाली उतरत नसे. शहाळं त्याला गाडीत नेऊन द्यायचे. पण तो काच वर करून प्यायचा. म्हणजे कुठेतरी थोडी लाज होती. तुम्ही ते शहाळं स्टेजवर आणलंत आणि वरून शपथ घेतलीत. वाचताना मला शिसारी आली, खोटं कशाला सांगू.

उंचावर उभं राहून काम करायला बांबूची परांची बांधावी लागते. ती मी एकोणतीस वर्षं बांधली. बेल्ट आमच्या नशिबी नव्हता. माझ्या जोडीचा शिवराम डोळ्यांसमोर सातव्या मजल्यावरून गेला. चौकशी झाली आणि कागदावर आलं, कामगार दारू प्यायलेला होता. शिवराम चहासुद्धा पीत नसे. त्या कागदाखाली ठेकेदाराची सही होती आणि तुझ्या खात्यातल्या साहेबाची पण होती. तेव्हा सोबत ही काही नवी गोष्ट नाही, बाय. नाव तेवढं तुम्ही नवीन दिलंत.

वार आधी सांगून तपासणी करणं म्हणजे काय, ते तूच विचार करून बघ. तुला शिकवायला मी शाळा किती शिकलोय.

संदेशचं मात्र बरं झालं. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून दारात उभा राहिला. मी म्हटलं, नीट लाव, पट्टा हनुवटीखाली घे. तुझी मामी असती तर दृष्ट काढली असती. आता तो रोज संध्याकाळी त्याच्या लेकीची, सान्वीची पाटी घेऊन माझ्यासमोर बसतो आणि दिवसभरात काय झालं ते लिहून दाखवतो. मोबाइलच्या दुकानातून यायचा तेव्हा पाटीवर एक अक्षर लिहीत नव्हता.

छान म्हण म्हणालीस. संदेशपुरतं म्हणतो.

उत्तममामा

*

कल्याण पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

तू टोमणे मारलेस, तरी ऐक. चार आठवडे झाले. दोन्ही साइटवर वर चढलेल्या एकूणएक माणसाच्या अंगात बेल्ट होता. नुसता बेल्ट नाही, धुतलेला बेल्ट. साबणाचा वास येतो. मी आठ वर्षांच्या नोकरीत असं पाहिलेलं नाही. साहेबांनी फोटो मागवून घेतले आणि वरच्या ऑफिसला पाठवले.

एकच गोष्ट खटकली. गुरुवारी मानपाड्याला एका बेल्टचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेला दिसला. नियमाने असा बेल्ट शिवायचा नसतो, कापून टाकायचा असतो, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी घालणार नाही. मी लिहायला घेतलं तर कमलेश शेठ म्हणाला, ‘म्याडम, आपण सोबती ना.’ आमच्या नव्या फॉर्मात दोष असा रकानाच नाही. ‘सुधारणेची संधी’ असा आहे. त्यात लिहिलं, एक बेल्ट बदलावा.

हो, मला माहितेय तू यावर काय म्हणणार. पण माणसं बेल्ट घालतायत, मामा. मला त्यातच आनंद आहे.

दर्शना

*

कोपरी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शनास आशीर्वाद.

सुधारणेची संधी. वा. उद्या कोणाचं डोकं फुटलं तर त्याला काय म्हणणार, ते तरी ठरवून ठेवा. 

पण तो निळा टाका माझा आहे. आता बोल.

साबणाचा वास येतो ना, तो कोपरीचा. मंगळवारी संध्याकाळी शेठचा टेम्पो संदेशला दारात सोडतो, सोबत साइटवरच्या बेल्टचं मोठं बोचकं. तीस बेल्ट. त्याने पाटीवर लिहिलं, ‘स्वच्छ बेल्ट असला तर माणूस आवडीने घालतो, पप्पा.’ म्हटलं, पोरगं विचार करतंय. मग मीच म्हणालो, बुधवारी मी धुतो, मला तरी दुसरं काय काम आहे. आता दर बुधवारी सकाळी गॅलरीच्या कठड्यावर तीस बेल्ट वाळत असतात. खालून जाणारे लोक मान वर करून बघतात. शेजारचा धाकू कोळी त्याच्या जाळ्याचा निळा दोरा देतो, पट्टा विसविशीत झाला असला की मी दुहेरी टाका घालतो. तुझं शाळेचं दप्तर शिवायचो तोच टाका, तू ओळखायला पाहिजे होतंस. गुरुवारी पहाटे टेम्पो येतो आणि बोचकं घेऊन जातो.

शिवलेला बेल्ट कापून टाकायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. आमच्या वेळी शिवायलाही नव्हते. यापुढे शिवणार नाही.

जग सडलेलं आहे यावर माझा विश्वास आहे तसाच आहे. पण बुधवार मला आवडायला लागलाय. संदेशने काहीतरी नीट करायला घेतलंय आणि त्यात माझे हात लागतात. एवढं तुला लिहून ठेवतो. आईला सांग.

उत्तममामा

*

कोपरी
१५ मार्च २०२५

चि. दर्शना,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. कामात असशील.

काल पेपरात चार ओळी होत्या. विठ्ठलवाडीला बांधकामावरून काळुराम नावाचा कामगार पडला, मुरबाडकडचा, चौथ्या मजल्यावरून. साइट कोणाची ते दिलं नाही. संदेश तीन दिवस नीट जेवत नाही. मी पाटी पुढे केली तर त्याने लिहिलं, ‘त्याने बेल्ट काढून ठेवला होता.’ आणि लगेच पुसलं.

तो माणूस कोणत्या दिवशी पडला? पेपरात दिवस दिलेला नाही. तेवढं कळव.

उत्तममामा

*

कल्याण पूर्व
१९ मार्च २०२५

मामा,

बुधवारी पडला. १२ तारखेला, सकाळी अकरा वाजता. साइट आपलीच.

तुझ्या फेब्रुवारीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याचं कारण काम नव्हतं. ते पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, माझा मामा बेल्ट धुतो म्हणून आईला वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना थांबले. बोचकं तुझ्याकडे येतं मंगळवारी, म्हणजे विठ्ठलवाडीहून. आणि निळा टाका मी पाहिला गुरुवारी, मानपाड्याला. मला एवढा हिशोब कळत नाही असं नाही. मी स्वतःला सांगितलं की दोन्हीकडचे बेल्ट एकत्र धुवायला येत असतील. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुढच्या मंगळवारी जाऊन पुन्हा फॉर्म भरला. साइटला पूर्ण गुण दिले, मामा.

शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये गेले. काळुरामच्या कंबरेखाली काही हलत नाही. डॉक्टर म्हणाले, हलणारही नाही. उशाशी त्याची आई बसलेली, विमलाबाई, ती त्याच्या पायांना तेल चोळत होती. त्याला कळत नव्हतं की कोणी चोळतंय. मी विचारलं, बेल्ट का काढलास? तो म्हणाला, ‘काढू कुठून म्याडम? बुधवारी बेल्ट धुवाया जातात ना. आमाला मंगळवारीच देतात, तुम्ही येता तवा.’ तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. त्याला वाटत होतं हे मला माहीत असणार, मी योजनेतली बाई आहे.

बाहेर येऊन मी बाकड्यावर बसले आणि फेब्रुवारीत टाळलेला हिशोब पुरा केला. दोन साइटमध्ये मिळून तीसच बेल्ट आहेत. ते माणसांच्या मागे फिरत नाहीत, माझ्या मागे फिरतात. वेळापत्रक मी दिलं. संदेशचं नाव मी दिलं. 

आता पुढचं ऐक. या अपघाताची चौकशी पण ‘संयुक्त’ आहे. समितीत साहेब, मी आणि कमलेश शेठ. ज्याच्या साइटवरून माणूस पडला तो चौकशी करणार, आणि साहेबांना यात काही वावगं दिसत नाही. अहवाल टाइप होऊन आलाय. ‘कामगाराने स्वतःहून बेल्ट काढला होता.’ खाली संदेशचा जबाब जोडलाय. २८ तारखेला, शुक्रवारी, सह्या. माझी सही झाली की काळुराम आणि त्याची आई मुरबाडला परत जातील आणि आयुष्यभर ऐकतील की चूक त्याचीच होती.

मी सही नाही केली तर पहिला अडकेल तो संदेश. जबाब त्याचा आहे. म्हणून तुला न विचारता काही करवत नाही.

मला एकच सांग. १२ तारखेला सकाळी तुझ्या कठड्यावर किती बेल्ट वाळत होते?

दर्शना

*

कोपरी
२२ मार्च २०२५

दर्शना,

तीस.

तुझं पत्र काल हातात पडलं. उत्तर दोनदा लिहिलं. पहिल्या उत्तरात मी लिहिलं होतं की सही करून टाक. एकुलता एक पोरगा आहे, सान्वी लहान आहे, काळुराम आता काही उभा राहायचा नाही, मग आणखी एक घर कशाला बुडवायचं. पाकिटात घालून पत्ता लिहिला. मग ते वाचून बघितलं. शिवरामचा कागद ज्या साहेबाने लिहिला त्याने पण घरी असाच हिशोब केला असणार. एवढी वर्षं ज्या माणसावर थुंकत आलो, त्याच्यासारखंच लिहिलं होतं मी. फाडून टाकलं.

तू स्वतःला फार बोल लावून घेतलेस. थोडे माझ्यासाठी ठेव. मी परांचीवरचा माणूस. बेल्ट बुधवारी माझ्याकडे असतात, मग बुधवारी पोरं काय घालतात, हे मला विचारावंसं वाटलं नाही असं समजू नकोस. पहिल्याच आठवड्यात मनात आलं. पाटी समोर होती, खडू हातात होता. मी नाही विचारलं. पोरगा रोज माझ्याशी बोलायला लागला होता. ते तुटेल म्हणून नाही विचारलं. तुझ्या योजनेला नावं ठेवत होतो आणि तिची धुणी मीच धूत होतो.

आता जे सांगतो त्याने तुला आणखी किळस येईल. माणूस पडून सहा दिवस झाले आणि मंगळवारी, १८ तारखेला, टेम्पो पुन्हा दारात आला. बोचकं पुन्हा घरात. संदेशने नेहमीसारखं बाथरूममध्ये ठेवलं, बादलीसुद्धा भरून ठेवली माझ्यासाठी. मी धुतले नाहीत. बोचकं उचलून माळ्यावर टाकलं आणि शिडी शेजारी धाकूकडे देऊन आलो. गुरुवारी पहाटे टेम्पो आला आणि रिकामा गेला. संदेश माझ्यासमोर उभा राहून खूप ओरडला. मला काही ऐकू आलं नाही, तोंड तेवढं दिसत होतं. सूनबाई मध्ये पडली. शेवटी त्याने पाटीवर लिहिलं, ‘शेठ मला काढेल. मी नाही केलं तर दुसरा कोणीतरी करेल.’ मी खाली लिहिलं, ‘मग दुसऱ्याला करू दे.’ 

गुरुवारी मानपाड्याला तू काय पाहिलंस?

उत्तममामा

*

कल्याण पूर्व
२४ मार्च २०२५

मामा,

गुरुवारी मी पहिल्यांदा खरी साइट पाहिली. अकरा माणसं पाचव्या मजल्याच्या परांचीवर, अंगात बनियन, बेल्ट एकाच्याही नाही. संदेश खाली उभा होता. माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, बेल्ट टेस्टिंगला गेलेत. माझा मामेभाऊ मला म्याडम म्हणाला आणि बेल्ट टेस्टिंगला गेलेत म्हणाला. माझी मान खाली गेली, त्याची नाही गेली.

मी माणसं खाली उतरवली आणि काम बंद करायचा कागद तिथेच लिहिला. अर्ध्या तासात साहेबांचा फोन. कागद मागे घ्या, योजनेच्या भावनेला धरून नाही. मी विचारलं, भावना कोणाची? तर म्हणाले, दर्शना, तू पूर्वी अशी नव्हतीस. हे मात्र बरोबर बोलले.

कमलेश शेठ दुसऱ्या दिवशी ऑफिसला पेढे घेऊन आला. नातवाचं बारसं झालं म्हणून. काळुराम चार किलोमीटरवर हॉस्पिटलमध्ये पडलाय, तिकडे एकदा गेला नाही. साहेबांनी दोन पेढे खाल्ले. माझ्या टेबलावरचा पेढा तसाच आहे, त्याला आता मुंग्या लागल्यात. मी तो उचलत नाहीये.

संयुक्त अहवालावर मी सही करणार नाही. माझा वेगळा अहवाल लिहून झालाय. त्यात वेळापत्रक माझं, हे लिहिलंय. शिवलेला बेल्ट पाहून मी सोडून दिला, हे लिहिलंय. तुझं पत्र वाचून गप्प बसले, हेही. माझ्यावर कारवाई झाली तर होऊ दे. पण त्यात कोपरीचा कठडा आल्याशिवाय काळुरामचं बोलणं कोणी खरं मानणार नाही. शेठ म्हणतो साठ बेल्ट आहेत, रजिस्टर दाखवतो. दाखवायला बेल्ट मात्र त्याच्याकडे नाहीत, ते तुझ्या माळ्यावर आहेत.

शुक्रवारी अकरा वाजता येशील का? बोचकं घेऊन. तू आलास तर काय होणार ते तुलाही माहीत आहे, मी तोंडावर दुसरं बोलणार नाही. नाही आलास तरी माझा राग नाही.

दर्शना

*

कोपरी
२६ मार्च २०२५

चि. दर्शनास आशीर्वाद.

हे पत्र धाकूचा मुलगा हातोहात आणून देईल, पोस्टाने वेळेत पोचणार नाही.

संदेश सोमवारी सासुरवाडीला गेला, बायको आणि सान्वीला घेऊन. जाण्याआधी मी त्याला पाटीवर लिहून विचारलं, शुक्रवारी माझ्याबरोबर येऊन खरं सांगशील का. त्याने पाटी हातात घेतली. मग काही न लिहिताच पिशवीत टाकली. सान्वीची पाटी, ती नेणारच. आता घरात मला लिहून काही सांगणारं कोणी नाही. तो कधी येईल की नाही मला माहीत नाही. मी अजून एका जणाचं जेवण जास्त टाकतो.

शुक्रवारी मी येतो. शिडी परत आणली, बोचकं खाली काढलंय. धाकू रिक्षात बरोबर बसेल. साहेबांना आधीच सांगून ठेव की म्हातारा बहिरा आहे. काय विचारायचं ते कागदावर लिहून विचारा म्हणावं. मी उत्तरं पण लिहूनच देईन आणि खाली सही करीन. म्हणजे शिवरामच्या वेळेसारखं कोणाला मागाहून दुसरं काही लिहिता येणार नाही.

शेठ रजिस्टर दाखवेल म्हणतेस. दाखवू दे. मी बोचकं टेबलावर सोडणार आणि साहेबांना एकच काम सांगणार. नऊ बुधवार मी हे बेल्ट धुतले, बादलीत टेम्पोची माती यायची, घाम कधी आला नाही. परांचीवरच्या माणसाचा पट्टा एका दिवसात असा कुबट होतो की घरात ठेवता येत नाही. हे मला पहिल्या बुधवारी हाताला कळलं होतं. या वेळी धुतलेले नाहीत. शेठ म्हणतो माणसं हे रोज घालतात. साहेबांनी एकेक उचलून नाकाला लावावा.

उत्तममामा